डॉक्टरबाईंना विचारा : लस अंगात किती दिवस टिकते?

बडोद्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, आटोपलं की माझ्याकडची पत्रं वाढतात, हा दरवर्षीचा अनुभव. मांजाने कापलेली बोटं, गच्चीवर दिवसभर वारं खाऊन धरलेले घसे, त्यातच शाळांमधून आलेल्या गोवर-कांजिण्यांच्या बातम्या. या खेपेला निम्म्याहून अधिक पत्रं लशींबद्दल आहेत आणि बहुतेकांचा रोख एकच: लस अंगात किती दिवस टिकते?

आधी तेवढं सांगून टाकते. लस टिकतच नाही. बहुतेक लशींचा शरीर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निकाल लावतं. मागे उरते ती शरीराला राहिलेली आठवण. ती आठवण जागी व्हायला तीन-चार दिवस लागतात. आता रोग तेवढा वेळ देतो की नाही, यावर बाकीचं सगळं ठरतं. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न : आमच्या वेळी गोवर एकदा निघाला की जन्माची काळजी मिटायची. नातवाला मात्र नवव्या महिन्यात एक आणि दीड वर्षाचा झाल्यावर दुसरी अशा दोन लशी टोचल्या. खरा गोवर एकदाच पुरतो, मग लशीलाच दोनदा का? आणि खरं विचाराल तर अंगावर निघून गेलेलाच बरा नाही का? आमच्याकडे शीतळा सातमीला, म्हणजे गोवर-कांजिण्यांच्या देवीच्या दिवशी, अजूनही चूल पेटत नाही. (एक आजी, दांडिया बाजार)

आजी, दुसरी लस ही पहिलीची उजळणी असते असा सगळ्यांचाच समज आहे. गोवराच्या बाबतीत तसं नाही. बाळ जन्मतं तेव्हा आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, बरोबर घेऊन येतं. पहिले काही महिने तीच त्याला गोवरापासून सांभाळतात. पण गोवराची लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. आईची प्रतिपिंडं त्यालाही गाठून संपवतात आणि बाळाचं शरीर काही शिकायच्या आत लस वाया जाते. फार लवकर टोचली तर फुकट, फार उशीर केला तर मधल्या काळात बाळ उघडं. आपल्याकडे गोवर लहान वयात गाठतो, म्हणून नववा महिना ठरला. त्या वयात दहातल्या आठ-नऊ बाळांना लस लागू पडते, एखाद-दुसऱ्याला पडत नाही. तो एखाद-दुसरा कोण, हे तोंडाकडे बघून मला तरी कधी ओळखता आलं नाही. म्हणून दुसरा डोस सगळ्यांनाच.

खरा गोवर जन्मभर पुरतो, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. याचा सगळ्यात सुंदर पुरावा उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचा आहे. तिथे १७८१ साली गोवराची साथ आली, त्यानंतर पासष्ट वर्षं गोवर फिरकलाच नाही. १८४६ मध्ये एका सुताराबरोबर तो परत आला आणि पावणेआठ हजारांच्या वस्तीत सहा हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली. पीटर पानुम नावाचा पंचविशीतला डॅनिश डॉक्टर गावोगाव हिंडून नोंदी करत होता. त्याला आढळलं की ज्या म्हाताऱ्यांना १७८१ मध्ये गोवर निघाला होता, त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधे पासष्ट वर्षं कोणी आठवण करून दिली नव्हती, तरी शरीर विसरलं नव्हतं.

पण अंगावर काढलेल्या गोवराची किंमत विचारा. न्युमोनिया, अतिसार, कुपोषित मुलांत डोळे जाणं, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याहून वाईट गोष्ट तशी अलीकडे नीट उलगडली. गोवराचा विषाणू ज्या पेशींत शिरतो, त्यांत नेमक्या आठवण साठवणाऱ्या पेशी असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्ध मिळवलेली प्रतिपिंडं ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झालेली आढळली. रावपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात आया सांगायच्या, "बाई, गोवर उतरला पण पोर सावरलंच नाही, महिन्याला काहीतरी चालूच." आम्ही अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून द्यायचो. पोराचं शरीर तोवर शिकलेलं पुसून बसलेलं असायचं. लशीतला दुबळा विषाणू हे करत नाही.

शीतळा सातमीचं थंड जेवण खुशाल जेवा, मलाही आदल्या दिवशीच्या पुऱ्या आवडतात. फक्त दुसरा डोस चुकवू नका. राहिलाच असेल तर ममता दिवसाला, म्हणजे सरकारी लसीकरणाच्या दिवशी, नातवाला घेऊन जा, उशिरा दिलेलाही चालतो.

प्रश्न : उत्तरायणात मांजाने बोट कापतंच, म्हणून दर जानेवारीत मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो. यंदा कंपाउंडर म्हणाला, दरवर्षी घ्यायचं नसतं. दुसरं म्हणजे मित्राचे काका धनुर्वातातून वाचले, तरी बरं झाल्यावर त्यांना लस दिली. होऊन गेलेल्या रोगाची लस कशाला? (वय २२, मांजलपूर)

कंपाउंडरचं ऐक. आणि तुझा दुसरा प्रश्न पहिल्याहून चांगला आहे.

धनुर्वाताचा जंतू मातीत, शेणात, धुळीत सगळीकडे असतो. खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही तिथे तो वाढतो आणि विष सोडतो. माणसाला मारतं ते हे विष. ते इतकं जहाल असतं की जीव घ्यायला लागणारी मात्रा शरीराला धडा शिकवायला लागणाऱ्या मात्रेपेक्षा कमी पडते. त्यामुळे माणूस मरणाच्या दारातून परत आला तरी त्याच्या शरीराला त्या विषाची ओळख पटलेली नसते. काकांना पुन्हा खिळा लागला तर पुन्हा धनुर्वात होऊ शकतो. लशीत तेच विष फॉर्मेलिनने निरुपद्रवी केलेलं, भरपूर मात्रेत आणि ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेलं असतं. तो क्षार टोचल्या जागी शरीराचं लक्ष वेधून घेतो. दंड दुखतो तो त्यामुळेच.

आता वेळेचा हिशेब. विष एकदा मज्जातंतूत शिरलं की प्रतिपिंडं तिथे पोचू शकत नाहीत. आठवण जागी होऊन नवी प्रतिपिंडं तयार होईपर्यंत थांबायला इथे सवड नाही, ती रक्तात आधीपासून तयार हवीत. तयार साठा वर्षांमागून वर्षं हळूहळू उतरतो, म्हणून दर दहा वर्षांनी एक डोस. लहानपणीचे डोस आणि शाळेतले दहाव्या व सोळाव्या वर्षाचे डोस झाले असतील, तर स्वच्छ, वरवरच्या कापण्याला दहा वर्षं काही नको. जखम खोल असेल, माती-शेण-गंज लागलेला असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर घ्यायचा. लहानपणीचे डोसच झालेले नसतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग, मग लशीबरोबर तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात. दरवर्षी टोचून संरक्षण वाढत नाही, दंड मात्र लालबुंद होऊन सुजतो, कारण रक्तात आधीच इतकी प्रतिपिंडं असतात की ती टोचल्या जागीच लशीवर तुटून पडतात.

हल्ली बाटलीवर टीटीऐवजी टीडी लिहिलेलं दिसेल. त्यात घटसर्पाचीही लस आहे, दुकानदाराशी भांडू नकोस. आणि इंजेक्शनच्या आधी बोट साबणाने धू. रांगेत उभी असलेली निम्मी मुलं काचेची पूड लागलेल्या बोटांनिशीच येतात.

माझ्या शिकाऊ दिवसांत खेड्यांतून तान्ही बाळं यायची. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत छान दूध ओढणारं बाळ अचानक तोंड उघडेनासं व्हायचं. विळ्याने कापलेली नाळ, वर शेणाचा लेप. फार थोडी वाचायची. गरोदर बाईला लस दिली की तिची प्रतिपिंडं बाळाला जन्माआधीच मिळतात, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी असं बाळ पाहिलेलंच नाही. कधी पाहूही नये.

प्रश्न : मी नर्सिंगला आहे. पहिल्या वर्षी हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले, त्यानंतरच्या तपासणीत १८० आकडा आला होता. आता पुन्हा केली तर ६ आला. घरी सगळे म्हणतात लस उतरली, पुन्हा तिन्ही घे. (करेलीबाग)

नको घेऊस. तपासणीत आलेला आकडा खरा आहे, घरच्यांनी काढलेला अर्थ खोटा.

ही तपासणी रक्तात फिरणारी प्रतिपिंडं मोजते. आठवण मोजत नाही. आठवण कुठे असते ते सांगते, म्हणजे आकड्याची भीती जाईल. दंडात लस टोचली की तिचे अंश काखेतल्या गाठींत पोचतात. अवधाण आलं म्हणतो ना आपण, त्याच या गाठी. तिथे लाखो बी-पेशींमधल्या, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींमधल्या, मोजक्याच पेशींना हा नवा पाहुणा पकडता येतो, तोही जेमतेम. मग पुढचे काही आठवडे तिथे जे चालतं त्याला मी विद्यार्थ्यांपुढे जुम्मादादा व्यायाम मंदिराचा आखाडा म्हणायचे. प्रत्येक पेशी आपल्या अनेक नकला काढते, प्रत्येक नकलेत किंचित फेरफार. ज्या नकलेची पकड जास्त घट्ट तिला पुढची जोड मिळते, ढिल्या पकडीची बाद होऊन मरते. फेरीमागून फेरी. शेवटी उरलेल्यांतल्या काही हाडांच्या मगजात जाऊन वर्षानुवर्षं प्रतिपिंडं गाळत बसतात, आणि काही स्मृतिपेशी होऊन गप्प राहतात. रक्तातल्या प्रतिपिंडांचं आयुष्य साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. मगजातल्या पेशी जितकी नवी गाळतील तितका तुझा आकडा. तो ६ वर आला म्हणून स्मृतिपेशी कुठे गेल्या नाहीत.

आता इथे रोगाची चाल बघ. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत दीड ते सहा महिने घेतो. स्मृतिपेशींना जागं व्हायला दिवस पुरतात. धनुर्वाताच्या अगदी उलट. म्हणून डोस पूर्ण झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत आकडा एकदा १० च्या वर गेला असेल, तर पुढे तो कितीही उतरला तरी निरोगी माणसाला पुन्हा लस लागत नाही. लस घेतलेल्यांचा तीस वर्षं पाठपुरावा झाला आहे, तोही हेच सांगतो. डायलिसिसवर असलेल्यांचा किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांचा नियम वेगळा. आणि पहिल्यांदाच आकडा दहाच्या खाली आला असता, तर तीन डोस पुन्हा घ्यायला मीच सांगितलं असतं.

तुझा १८० चा जुना कागद प्लॅस्टिकमध्ये घालून जपून ठेव. नोकरीच्या वेळी तोच दाखवायचा आहे.

प्रश्न : लशी आल्या आणि साथी कमी झाल्या, हे मान्य. पण त्याच काळात नळाचं पाणी आलं, गटारं झाली, माणसं पोटभर जेवू लागली. श्रेय लशीलाच कशावरून? कुणी कधी दोन सारख्या माणसांत, एकाला लस देऊन आणि एकाला न देता, हिशेब मांडला आहे का? (एक निवृत्त गणित शिक्षक, कोठी)

सर, असा हिशेब मांडला गेला आहे, आणि तुमच्या घरापासून काही मैलांवर. गोरव्याच्या पुढचं उंडेरा. आज ते शहरात जमा झालंय, तेव्हा बडोदे संस्थानातलं एक खेडं होतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी तिथे प्लेगची लस केली. मांसाच्या रसात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या तुपाला धरून जंतूंच्या तारा खाली लोंबत वाढत. मग उष्णतेने जंतू मारायचे आणि तो रस टोचायचा. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली. पण लस घेणारे बहुधा शिकलेले, सावध, बऱ्या घरांतले असतात, आणि ते एरवीही कमी मरतात. तुमचाच आक्षेप तेव्हाही निघाला होता.

फेब्रुवारी १८९८ मध्ये उंडेऱ्यात प्लेग असताना हाफकिन तिथे गेले. गावाची कुटुंबवार यादी घेतली आणि प्रत्येक कुटुंब समोर बोलावून त्यातल्या सुमारे निम्म्यांना टोचलं. पुरुष, बायका, मुलं, धडधाकट, किडकिडीत, सगळे दोन्हीकडे सारखे येतील असं बघून. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच विहिरीचं पाणी पिणारे, त्याच उंदरांच्या संगतीत झोपणारे दोन गट. गटार-पाणी-जेवण हे सगळं दोन्ही बाजूंनी कटलं. काही आठवड्यांनी घरोघर जाऊन हिशेब घेतला. ज्या घरांत प्लेग शिरला होता, त्यांत टोचलेले ७१ होते: आजारी ८, मेले ३. न टोचलेले ६४: आजारी २७, मेले २६.

गणित तुम्हीच करा.

आज असा प्रयोग करायला कोणी धजणार नाही, धजूही नये. ज्या आईचं एक मूल टोचलेल्यांत आणि एक न टोचलेल्यांत होतं, तिला कोणी काय विचारलं असेल ते मला अंदाजानेच कळतं. पण हिशेब झाला, आणि तो चोख झाला. आपल्या मुलांना शाळेत जेन्नरची गाय आणि पाश्चरचा कुत्रा शिकवतात, उंडेरा मात्र बडोद्याच्या पाठ्यक्रमातही नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल. त्या लशीची आठवण अल्पजीवी होती. काही महिन्यांनी साथ पुन्हा आली की पुन्हा टोचावं लागे, आणि ताप सपाटून यायचा. आणि १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. पुढे शास्त्रज्ञांनी पुरावे तपासले, तेव्हा दोष प्रयोगशाळेचा नसून गावात बाटली उघडतानाचा असल्याचं दिसलं. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण तोवर त्यांचं इथलं काम मोडलं होतं. मुंबईतल्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं. तुमच्या पाणी-गटाराच्या मुद्द्याला मात्र मी पूर्ण मान देते. कॉलरा आणि टायफॉइड हटवण्यात नळाचा वाटा फार मोठा. गोवर श्वासातून पसरतो, त्याला नळ काय करणार?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी कुत्रा चावला तेव्हा पाचही इंजेक्शनं पूर्ण घेतली. परवा सोसायटीतल्या पिल्लाचा दात लागला, थोडं रक्त आलं. मुलगा म्हणतो, पुन्हा पाच. मी म्हणतो, एकदा घेतली ती पुरे. (एक काका, वाघोडिया रोड)

काका, दोघंही चुकताय. दोन घ्यायची: एक आज आणि एक आजपासून तीन दिवसांनी. जखमेत टोचायचं महागडं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, यावेळी नको, पण पहिल्या पाचांचा कागद बरोबर न्या. आणि हे वाचायच्या आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली असलीत तर उत्तम. नसलीत तर उठा. मिरची, चुना, तेल काही लावू नका.

रेबीज चावल्यानंतर लस देता येते याचं कारण त्याची संथ चाल. विषाणू रक्तातून धावत नाही, मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. बहुधा एक ते तीन महिने लागतात, चेहऱ्याला चावला असेल तर कमी. नवख्या शरीराला प्रतिपिंडं बनवायला सात ते चौदा दिवस लागतात. ती खिंड भरून काढायला पहिल्या वेळी जखमेत तयार प्रतिपिंडं सोडतात. तुमच्या शरीराला ओळख आहे, दोन डोसांत ते जागं होतं. पण एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, म्हणून "बघू दोन दिवस" हे इथे चालत नाही. जुन्या लोकांना पोटात चौदा इंजेक्शनं आठवत असतील. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००४ अखेर बंद झाली. आता दंडात घ्यायची आहेत, तक्रार करू नका.

प्रश्न : फ्लूची लस दरवर्षी घ्या म्हणतात. कंपन्यांचा धंदा तर नव्हे? (वय ७१, अलकापुरी)

धंदा आहेच, पण कारणही खरं आहे. फ्लूचा विषाणू आपलं वरचं प्रथिन सतत बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची ओळख अर्धवट उरते. शिवाय तो एक-दोन दिवसांत आजारी पाडतो, आठवण जागी व्हायला सवड देत नाही. लशीने सर्दी-ताप पूर्ण टळेल अशी हमी मी देणार नाही, तुमच्या वयात इस्पितळाची पायरी चढणं बऱ्याच अंशी टळतं. मधुमेह किंवा दमा असेल तर घ्याच.

प्रश्न : आम्ही मुलीला सरकारी केंद्रात टोचतो. शेजारीण म्हणते, तिथे लाइट जाते, लशी खराब होतात. कसं ओळखायचं? (एक आई, वाडी)

बाटली हातात मागून बघ. लाजू नकोस. लेबलवर किंवा झाकणावर एक गोल असतो आणि त्याच्या आत छोटा चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होत जातो. दोघांचा रंग सारखा झाला की ती बाटली फेकायची. सरकारी केंद्रातल्या ज्या ताई हे रोज बघतात त्यांना याची सवय असते. लाइट गेली तरी तिथल्या आइसलाइन्ड फ्रिजच्या भिंतींत बर्फ असतो, तो बराच वेळ गारवा धरतो.

चौकोन एक गोष्ट मात्र सांगत नाही: लस गोठली होती का. धनुर्वात, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस), हिपॅटायटिस बी या लशी गोठल्या की ॲल्युमिनियमच्या क्षाराचे गोळे होतात आणि लस निकामी होते. शंका आली तर आम्ही त्याच लॉटची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायचो. मग दोन्ही बाटल्या एकदम हलवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. गोठलेलीत कण भराभर तळाला बसून वर निवळ पाणी दिसतं, चांगली लस गढूळच राहते. म्हणूनच लशी न्यायचा डबा भरताना बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून लगेच घालायचे नसतात. बाहेर ठेवायचे, घाम सुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाणी डुचमळलं की मगच.

खरं सांगू? मला भीती वाटते ती खाजगी खरेदीची. दुकानातून लस घ्यायची, पिशवीत बर्फाच्या तुकड्यांना चिकटवून स्कूटरच्या डिकीत टाकायची, वाटेत सेव-उसळ खायची आणि मग दवाखान्यात यायचं. माझ्या दवाखान्यात लशींच्या फ्रिजवर मी "श्रीखंड ठेवू नये" अशी पाटी लावली होती. ती लावावी लागली यावरून काय ते समजा. शेजारणीला म्हणावं, जागा सरकारी की खाजगी हे विचारू नका, फ्रिजमधला थर्मामीटर दोन ते आठच्या मध्ये आहे का ते विचारा.

प्रश्न : यजमानांना (वय ६८) कमरेवर नागीण उठली आहे. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जात नाही ना? आणि आठ महिन्यांचा नातू आजोबांच्या मांडीवरून उतरत नाही, त्याला होईल का? (लहरीपुरा)

टोकं जुळत नाहीत, ताई. नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच उठते आणि तो पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेशी थांबतो. जुळली तरी तेवढ्याने कुणी जात नाही.

यजमानांना लहानपणी कांजिण्या झाल्या असणार. कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावरही शरीर सोडत नाही, कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो. साठेक वर्षं त्याला तिथे दाबून धरलं ते टी-पेशी नावाच्या संरक्षक पेशींच्या आठवणीने. वयाबरोबर ती आठवण सैल पडते, मधुमेहाने किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आणखी, आणि विषाणू एखाद्या तंतूवरून बाहेर येतो. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची दोन डोसांची लस आता आपल्याकडेही मिळते. ती तीच जुनी आठवण पुन्हा घट्ट करते. महाग आहे. यजमान बरे झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांशी बोला, आणि तुम्ही स्वतःसाठीही विचारा.

नातवाला आजोबांकडून नागीण होणार नाही, पण फोडांतलं पाणी लागलं तर कांजिण्या होऊ शकतात. त्याची कांजिण्यांची लस अजून झालेली नसणार, ती पहिल्या वाढदिवसानंतरच देतात. फोडांवर खपली धरेपर्यंत ती जागा सुती कपड्याने झाकलेली असू द्या, टॉवेल वेगळा ठेवा आणि बाळाला काही दिवस तुमच्या मांडीवर घ्या. घरात कोणी गरोदर असेल आणि तिला कांजिण्या झालेल्या नसतील, तर तिनेही जपायचं. फोड उठून तीन दिवस व्हायच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्या तर फायदा जास्त, तेव्हा वैदूचा गेरू लावत बसू नका, आजच डॉक्टरांकडे न्या. पुढे कधी कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ असे फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठायचं, रविवार असला तरी.